कारखानदार फाळके : मूकपटनिर्मितीच्या व्यवस्थापनाची एक चिकित्सा

प्रस्तावना

धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांच्याविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. ‘चित्रमहर्षी’, ‘भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक’ ही बिरुदे त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली आहेत. १९६९ पासून केंद्र शासन त्यांच्या नावाने चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार देत आहे. हा गौरव सर्वथैव उचितच आहे. तथापि, गौरवाच्या ओघात फाळके यांच्या कारकिर्दीची एक ठरावीक कथा तयार झाली आहे. निर्धन परंतु ध्येयवेडा कलावंत, दागिने विकून साथ देणारी पत्नी, अपूर्व यश, नंतर नफ्यावर डोळा ठेवणारे भागीदार आणि अखेरीस उपेक्षित वृद्धत्व अशी ती कथा आहे. या कथेत फाळके यांचा दिग्दर्शक म्हणून विचार होतो आणि हुतात्मा म्हणून तर तो अधिकच होतो. निर्माता व चित्रसंस्थेचा प्रमुख म्हणून त्यांचा विचार क्वचितच होतो.

वस्तुतः फाळके यांनी १९१२ ते १९३२ या काळात जे केले त्याचा मोठा भाग निर्मितीव्यवस्थेचा होता. भांडवल उभे करणे, यंत्रे आणणे, माणसे मिळवणे व शिकवणे, जागा उभारणे, जाहिरात करणे आणि तयार झालेला माल गावोगाव पोहोचवणे ही कामे त्यांनी प्रथम एकट्याने आणि नंतर एका कंपनीच्या चौकटीत केली. या कामांतील त्यांचे यश कोणत्या पायावर उभे होते आणि तोच पाया पुढे त्यांना अपुरा का पडला, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. फाळके यांचे पहिले भांडवल त्यांचे घर होते. घराच्या रीतीने चालणारा उद्योग बाहेरच्या भांडवलाच्या हिशेबात बसवताना जो संघर्ष झाला, त्याला केवळ ‘कलावंत विरुद्ध व्यापारी’ असे रूप देणे इतिहासाला धरून नाही, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

छापखान्याचा वारसा

फाळके चित्रपटाकडे वळले तेव्हा चाळिशी ओलांडत होते. त्र्यंबकेश्वरी एका संस्कृतज्ञ कुटुंबात जन्मलेल्या या गृहस्थाने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले. छायाचित्रण, ठसे तयार करणे, शिल्प, नेपथ्य, जादूचे प्रयोग अशा अनेक विद्या त्यांनी हाताळल्या. काही काळ पुरातत्त्व खात्यात नोकरी केली आणि स्वदेशीच्या वातावरणात ती सोडली. लोणावळ्यास छपाईचा व्यवसाय सुरू केला. तोच पुढे दादर येथे ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ या नावाने नावारूपास आला. रंगीत छपाईची यंत्रे व तंत्र पाहण्यासाठी ते १९०९ मध्ये जर्मनीस जाऊन आले.

चरित्रकार या कालखंडाकडे बहुधा चित्रपटाची पूर्वतयारी म्हणून पाहतात. पौराणिक चित्रांच्या छपाईतून फाळके यांना देवादिकांच्या प्रतिमांची दृष्टी मिळाली, हे खरेच आहे. ‘राजा हरिश्चंद्र’च्या उपलब्ध अंशात राजा आपल्या पुत्रास धनुर्विद्या शिकवत असल्याचा जो आरंभीचा प्रसंग दिसतो, त्याच्या रचनेवर रविवर्म्याच्या चित्रशैलीची छाया स्पष्ट आहे. परंतु निर्माता म्हणून विचार करता छापखान्याने त्यांना आणखी दोन गोष्टी दिल्या. पहिली गोष्ट म्हणजे एका मूळ प्रतीपासून अनेक प्रती काढण्याचे अर्थशास्त्र. चित्रपट हाही एका अर्थी छपाईचाच धंदा आहे. निगेटिव्ह एकदा तयार झाली की प्रतींवर प्रती काढता येतात, आणि खरी मिळकत प्रतींच्या फिरण्यातून होते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. भरभराटीस आलेल्या या छापखान्यातून भागीदारांशी मतभेद होऊन फाळके बाहेर पडले. कारखाना आपल्या कौशल्यावर उभा आहे, म्हणून त्यातील निर्णयही आपलेच असले पाहिजेत, ही त्यांची धारणा तेव्हापासूनची आहे. १९१९-२० मध्ये हिंदुस्थान कंपनीत जे घडले त्याची ही पूर्वछाया होती. चरित्रकारांनी या साम्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. तसे ते दिले असते, तर हिंदुस्थान कंपनीतील बेबनावाचे सारे अपश्रेय भागीदारांच्या माथी मारणे त्यांना अवघड गेले असते.

घर हेच भांडवल

गिरगावातील एका चित्रपटगृहात ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहून फाळके यांना कृष्ण-रामांच्या चित्रपटांची कल्पना सुचली, हा प्रसंग त्यांनीच १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकातील लेखमालेत सांगितला असून तो सर्वश्रुत आहे. त्या प्रेरणेचे उद्योगात रूपांतर कसे झाले, हे येथे अधिक महत्त्वाचे ठरते. विम्याची पॉलिसी तारण ठेवून त्यांनी पैसे उभे केले आणि १९१२ च्या फेब्रुवारीत लंडन गाठले. तेथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांच्या साहाय्याने ते निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत पोहोचले. विल्यमसन बनावटीचा कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि प्रती काढण्याची सामग्री घेऊन ते परतले.

परतल्यावर त्यांनी प्रथम कथाचित्र काढले नाही. कुंडीत पेरलेल्या वाटाण्याच्या दाण्याला कोंब फुटून वेल वाढत जाते, हे त्यांनी कित्येक दिवस थोडे थोडे चित्रित करून एक लहानसा चित्रपट तयार केला. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखला जाणारा हा चित्रपट तंत्राचा प्रयोग म्हणून गौरवला जातो. तो तसा होताच, परंतु तो एक व्यावसायिक नमुनाही होता. तो पाहूनच छायाचित्रणाच्या साहित्याचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी कर्ज देण्यास तयार झाले. आपल्याजवळ यंत्र आहे व ते चालवण्याचे ज्ञानही आहे, हे धनकोला पटवून देण्याचा याहून स्वस्त व परिणामकारक मार्ग नव्हता. येथे फाळके यांच्यातील निर्माता प्रथम दिसतो.

तथापि, कर्जाचा पैसा हा या उद्योगाच्या भांडवलाचा केवळ एक भाग होता. उर्वरित भाग घरातून आला. सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले, हे सर्व चरित्रांत नमूद आहे. दागिन्यांपेक्षा त्यांचे श्रम अधिक मोलाचे होते. कच्ची फिल्म छिद्रांशिवाय येई. रात्री अंधाऱ्या खोलीत तिला छिद्रे पाडणे, ती धुणे, चित्रीकरणाच्या वेळी उन्हाचा प्रकाश परावर्तित करण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून उभे राहणे आणि या साऱ्यांतून उरलेल्या वेळात सर्व मंडळींचा स्वयंपाक करणे ही कामे सरस्वतीबाईंनी केली. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. पुढे १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कन्या मंदाकिनी बालकृष्ण झाली. दादरचा बंगला एकाच वेळी बिऱ्हाड, रंगशाळा, रसायनशाळा आणि भोजनशाळा होता.

या साऱ्या श्रमांची किंमत कोणत्याही हिशेबाच्या वहीत मांडली गेली नाही. ती मांडली असती, तर ‘राजा हरिश्चंद्र’चा निर्मितिखर्च वेगळाच दिसला असता. सरस्वतीबाईंचा उल्लेख ‘त्यागमूर्ती’ असा करण्याची प्रथा आहे. हा शब्द आदराचा असला तरी तो एक गोष्ट झाकतो. त्या भारतीय मूकपटाच्या अगदी पहिल्या तंत्रज्ञांपैकी एक होत्या. त्याग हा गुण आहे आणि फिल्म धुणे हे काम आहे. इतिहासाने गुणाची नोंद केली, कामाची मात्र केली नाही.

पहिलेपणाचा प्रश्न

‘राजा हरिश्चंद्र’ २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया नाट्यगृहात निमंत्रितांना दाखवला गेला आणि ३ मे १९१३ पासून गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. त्याच चित्रपटगृहात १८ मे १९१२ रोजी दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ झळकला होता. त्यामुळे पहिलेपणाचा मान कोणाचा, हा वाद अधूनमधून डोके वर काढतो. ‘पुंडलिक’ हे एका नाट्यप्रयोगाचे चित्रीकरण होते, ते परदेशी छायाचित्रकाराने केले आणि फिल्मवरील प्रक्रिया विलायतेत झाली, हे मुद्दे फाळके यांच्या बाजूने मांडले जातात.

या वादात लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, फाळके यांचा दावा येथे दिग्दर्शक म्हणून सिद्ध होत नाही, निर्माता म्हणून सिद्ध होतो. तोरणे यांच्या कल्पकतेचे मोल कमी नाही. मात्र छिद्रे पाडण्यापासून प्रत काढण्यापर्यंतची संपूर्ण साखळी एतद्देशीय हातांनी एका छपराखाली पूर्ण करण्याची व्यवस्था प्रथम फाळके यांनी उभारली. बालमित्र त्र्यंबक तेलंग यांना त्यांनी स्वतः शिकवून छायाचित्रकार केले. ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना तारामती केले. स्वदेशीचा अर्थ त्यांच्या लेखी केवळ स्वदेशी कथा असा नव्हता. स्वदेशी उत्पादन असा त्याचा अर्थ होता. कच्ची फिल्म व यंत्रे मात्र अखेरपर्यंत परदेशातूनच येत राहिली, ही या स्वदेशीची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी.

जाहिरात आणि वितरण

मुद्रकाची दृष्टी फाळके यांच्या जाहिरातींत स्पष्ट दिसते. ‘राजा हरिश्चंद्र’च्या एका प्रसिद्ध जाहिरातीत सत्तावन्न हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र अवघ्या तीन आण्यांत, अशी हमी दिलेली आढळते. हा चित्रपट सुमारे ३,७०० फूट लांबीचा होता. एका फुटात सोळा चौकटी धरल्या तर चौकटींची संख्या एकोणसाठ हजारांच्या आसपास भरते. म्हणजे छायाचित्रांचा आकडा जवळजवळ बरोबर, किंबहुना थोडा कमीच सांगितलेला आहे. दोन मैलांची बाब मात्र निराळी आहे. ३,७०० फूट म्हणजे पाऊण मैलही होत नाही. मोजता न येणारी वस्तू मोजून विकण्याची ही युक्ती त्या काळच्या ग्राहकाची नस ओळखणारी होती. नाटक पाच-सहा तास चालत असे, तर चित्रपट तासाभरातच संपत असे. तिकिटाच्या मोबदल्यात आपल्याला भरपूर मिळाले, हे प्रेक्षकाला पटवणे आवश्यक होते. कॉरोनेशनमध्येही मूळ चित्रपटाच्या जोडीला नृत्य, कसरती व विनोदी प्रवेश होतेच.

परंतु जाहिरात आणि वितरण या दोन भिन्न गोष्टी आहेत. फाळके यांनी निर्मितीची साखळी ताब्यात आणली, प्रदर्शनाची मात्र आणली नाही. स्वतःचे प्रक्षेपण यंत्र घेऊन ते गावोगाव हिंडले. मुंबईत व मद्रासेत त्यांच्या चित्रपटांनी गर्दी खेचली. १९१७ च्या ‘लंका दहन’चे मद्रासमधील उत्पन्न बैलगाडीतून वाहून न्यावे लागल्याची कथा आजही सांगितली जाते. असे असूनही चित्रपटगृहांची साखळी त्यांच्यापाशी कधीच नव्हती. कलकत्त्याचे जमशेदजी मादन यांनी याच काळात नेमके उलट केले. त्यांनी आधी चित्रपटगृहे ताब्यात घेतली आणि त्यांना माल पुरवण्यासाठी निर्मिती केली. चित्रपट पडला तरी चित्रपटगृह उरते, हे मादन यांच्या व्यवसायाचे बलस्थान होते. फाळके यांना मात्र प्रत्येक नव्या चित्रपटाचा खर्च मागील चित्रपटाच्या यशावर अवलंबून ठेवावा लागे.

१९१४ मध्ये ही दुर्बलता उघडी पडली. तोवर फाळके यांनी आपला उद्योग नाशिकला हलवून ‘मोहिनी भस्मासुर’ व ‘सत्यवान सावित्री’ हे चित्रपट पूर्ण केले होते. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई या स्त्रियांनी भूमिका केल्या, ही त्या काळी मोठीच घटना होती. तिन्ही चित्रपट घेऊन फाळके पुन्हा लंडनला गेले. तेथे त्यांचे कौतुक झाले आणि हेपवर्थ यांनी तेथेच राहून काम करण्याविषयी विचारणा केली. ती नाकारून ते परतले तोच महायुद्धाला तोंड लागले. कच्ची फिल्म महागली, धनकोंनी हात आखडता घेतला आणि काही काळ लघुपटांवर निभावणे भाग पडले. लोकमान्य टिळकांसह काही प्रतिष्ठितांनी या उद्योगाची मर्यादित कंपनी व्हावी म्हणून खटपट केली, परंतु ती फळास आली नाही.

नाशिकचा कारखाना

नाशिकचा स्टुडिओ हा दादरच्या बंगल्याचाच विस्तार होता. कलावंत, सुतार, रंगारी, शिंपी, रसायनशाळेतील मदतनीस अशी शंभराच्या आसपास माणसे तेथे एकत्र राहून काम करीत. घरचा कर्ता, कारखान्याचा मालक आणि गुरुकुलाचा आचार्य या तिन्ही भूमिका फाळके यांच्या ठायी एकवटल्या होत्या. चित्रपटात काम करणे अप्रतिष्ठेचे मानले जात असल्याने नटांनी विचारणाऱ्यास आपण हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत असे सांगावे, अशी क्लृप्ती योजल्याचे सांगतात. २००९ मध्ये परेश मोकाशी यांनी आपल्या चित्रपटाचे नाव याच आख्यायिकेवरून ठेवले. लाज झाकण्यासाठी योजलेला हा शब्द वस्तुस्थितीचे अचूक वर्णन करतो. तो कारखानाच होता. फक्त तेथील कामगार कुटुंबीयांसारखे राहत होते.

या व्यवस्थेचे लाभ मोठे होते. ‘लंका दहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका करणारे साळुंके पुढे छायाचित्रकार झाले. पहिल्या चित्रपटातील विश्वामित्र, ग. वि. साने, पुढे दिग्दर्शक झाले. कोणतेही विद्यालय नसताना माणसे अशी तयार होत गेली. आपले तंत्र लोकांना दाखवण्यातही फाळके यांना संकोच नव्हता. चित्रपट कसे तयार होतात यावर त्यांनी १९१७ मध्ये स्वतंत्र लघुपट काढला. ‘कालिया मर्दन’च्या आरंभी मंदाकिनीच्या मुद्राभिनयाचे नमुने आधी दाखवले जातात आणि मगच ती कृष्णरूपात येते. पडद्यावर देव दाखवणारा हा निर्माता आपल्या मुलीचे कसबही तितक्याच उघडपणे दाखवतो, हे लक्षणीय आहे.

तोटेही तितकेच होते. ज्ञान व्यक्तीच्या हातात राहिले. खर्चाचा अंदाज, कामाचे वेळापत्रक, कोणते दृश्य पुन्हा घ्यावयाचे आणि कोणते नाही, यांविषयीचा निर्णय एका माणसाच्या समाधानावर अवलंबून होता. जोवर पैसा घरचा होता तोवर यात वावगे काही नव्हते. स्वतःचे दागिने गहाण ठेवणाऱ्याला कोण जाब विचारणार?

हिंदुस्थान कंपनी : भागीदारी व बेबनाव

१९१८ च्या आरंभी ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ स्थापन झाली. वामन श्रीधर आपटे, मायाशंकर भट्ट, माधवजी जेसिंग, गोकुळदास दामोदर प्रभृती भागीदार होते. आपटे व्यवस्थापक भागीदार आणि फाळके कार्यकारी भागीदार अशी विभागणी झाली. ‘श्रीकृष्ण जन्म’ (१९१८) आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) हे या कंपनीचे पहिले मोठे यश. विशेष म्हणजे या यशाच्या काळातच वाद विकोपास गेले. खर्च, कामाचा वेग आणि अंतिम अधिकार हे वादाचे विषय होते. फाळके कंपनी सोडून सहकुटुंब काशीस गेले. तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. नाट्यव्यवसायावर प्रखर टीका करणारे हे नाटक लेखकाच्या त्या काळातील मनःस्थितीचाही पुरावा आहे.

रूढ कथेत येथे भागीदार खलनायक ठरतात. या निवाड्याचा पुनर्विचार व्हावयास हवा. भागीदारांनी मागितले ते काय? खर्चाचा हिशेब, ठरावीक मुदत आणि निर्णयात वाटा. परक्याचा पैसा गुंतलेल्या कोणत्याही उद्योगात या अपेक्षा अनुचित नाहीत. फाळके यांना त्या अपमानास्पद वाटल्या, याचे कारण त्यांची संस्थेची कल्पना घराची होती. घरातील कर्त्याला हिशेब मागितला जात नाही. नाव ‘कंपनी’ असे पालटले, तरी त्यांच्या मनातील चित्र दादरच्या बंगल्याचेच राहिले.

भागीदारांची बाजूही निर्दोष नव्हती. चित्रपटाचा दर्जा हाच या धंद्यातील ठेवा आहे आणि तो त्या वेळी एका माणसाच्या हातात आहे, हे त्यांना फार उशिरा उमगले. फाळके यांच्या अनुपस्थितीत कंपनीने निर्मिती थांबवली नाही, पण पूर्वीची झळाळी राहिली नाही. ‘संदेश’कार अच्युत बळवंत कोल्हटकर यांनी फाळके यांच्या परतण्याविषयी जाहीर आवाहन केले आणि वाचकांनी त्यास प्रतिसाद दिला. प्रेक्षकाला कंपनीचे नाव नव्हे, फाळके यांचे नाव हवे होते. १९२२-२३ च्या सुमारास फाळके परतले ते पगारी निर्मितीप्रमुख म्हणून. मालकीचा प्रश्न मिटला, अधिकाराचा मात्र मिटला नाही. पुढील वर्षांतही त्यांचे जाणे-येणे चालू राहिले.

येथे आकड्यांविषयी एक निरीक्षण नोंदवणे आवश्यक आहे. फाळके यांनी सुमारे पंचाण्णव चित्रपट काढले, असे लोकप्रिय लेखनात सर्रास आढळते. चित्रपटविषयक संदर्भकोशांत मात्र त्यांच्या दिग्दर्शनाखालील मूकपटांची संख्या चाळीस ते पंचेचाळीसच्या घरात दिली जाते. ही तफावत क्षुल्लक नाही. कंपनीची संपूर्ण निर्मिती एका नावावर मोजली की सान्यांसारखे दिग्दर्शक, आपट्यांसारखे व्यवस्थापक आणि असंख्य अनाम कारागीर आकड्यातूनच पुसले जातात. जवळजवळ दीड दशक मूकपटांची निर्मिती करीत राहिलेली कंपनी चालवणे, पगार वेळेवर देणे, प्रती देशभर पाठवणे हे आपट्यांचे कर्तृत्व होते. त्याचा अभ्यास मराठीत अद्याप व्हावयाचा आहे.

प्रभातशी तुलना

कोल्हापुरात बाबुराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी याच काळात उदयास आली. ‘सैरंध्री’ (१९२०) व ‘सावकारी पाश’ (१९२५) यांनी मूकपटाच्या कलेला नवी उंची दिली. तेथील दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर या सहकाऱ्यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्या साथीने १९२९ मध्ये ‘प्रभात’ स्थापन केली. प्रभातमध्ये तंत्रज्ञ स्वतःच भागीदार होते. कला, ध्वनी, छायाचित्रण, दिग्दर्शन यांची वाटणी झाली होती. हे सख्यही चिरंतन ठरले नाही आणि १९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले. तथापि, एक माणूस गेला म्हणून प्रभातचे काम थांबले नाही.

या तुलनेला एक विलक्षण योगायोग साहाय्यभूत होतो. प्रभातचा पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हा हरिश्चंद्राच्याच कथेवर आहे. १९१३ मध्ये तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळाली नाही. १९३२ मध्ये ती दुर्गा खोटे यांनी केली. कथा तीच, पण मधल्या एकोणीस वर्षांत घरगुती कारखान्याची जागा श्रमविभागणीवर उभ्या असलेल्या स्टुडिओने घेतली. फाळके यांचा ‘सेतुबंधन’ हा मूकपट त्याच वर्षीचा. ‘आलम आरा’ने १४ मार्च १९३१ रोजी बोलपटाचे युग सुरू केले होते, त्यामुळे ‘सेतुबंधन’ला पुढे मागाहून आवाज जोडावा लागला. ध्वनीने निर्मितीचा खर्च आणि तंत्रज्ञांची संख्या दोन्ही वाढवली. सर्व कामे स्वतः जाणणाऱ्या एका माणसाचा काळ संपला होता. हिंदुस्थान कंपनी मिटली. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा फाळके यांचा एकमेव बोलपट त्यांनी कोल्हापूर सिनेटोनसाठी, म्हणजे दुसऱ्याच्या संस्थेत, केला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, फाळके यांचे ऐतिहासिक स्थान केवळ पहिल्या कथापटाच्या दिग्दर्शनावर नव्हे, तर चित्रपटनिर्मितीची संपूर्ण साखळी या भूमीत प्रथम उभारण्यावर आधारलेले आहे. दुसरी, या साखळीचे आरंभीचे भांडवल घरातील श्रमाचे होते आणि त्या श्रमात सरस्वतीबाईंचा वाटा तंत्रज्ञाचा होता. तिसरी, हिंदुस्थान कंपनीतील संघर्ष हा दोन संस्थाकल्पनांचा संघर्ष होता. त्यात फाळके सर्वस्वी निरपराध नव्हते आणि भागीदार सर्वस्वी अपराधी नव्हते. चौथी, प्रदर्शनव्यवस्थेवर ताबा नसणे ही फाळके यांच्या उद्योगाची मूलभूत उणीव होती आणि तिची भरपाई कितीही कलागुणांनी होणे शक्य नव्हते.

या चिकित्सेस केवळ पुराणवस्तूचे महत्त्व नाही. फाळके यांच्या बहुतेक चित्रपटांच्या प्रती नष्ट झाल्या आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’चा म्हणून जपलेला अंशही १९१३ चा की १९१७ च्या पुनर्निर्मितीचा, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ ची, म्हणजे फाळके यांच्या निधनानंतर वीस वर्षांची. घराच्या रीतीने चाललेल्या उद्योगाला आपला माल जपून ठेवणारे कोठार नव्हते, आणि कंपनीच्या रीतीने चाललेल्या उद्योगाला जुन्या मालात नफा दिसत नव्हता. दोन्ही व्यवस्थांची ही उणीव आपण आज रिकाम्या डब्यांच्या रूपाने भोगत आहोत.

महाविद्यालयीन अभ्यासक्रमांत चित्रपटाचा समावेश होऊ लागला असताना फाळके ‘जनक’ म्हणून शिकवले जातात. जनकाच्या कथेत मुले आपोआप जन्मतात. कारखानदाराच्या कथेत मात्र छिद्रे कोणी पाडली, पगार कोणी दिला आणि हिशेब कोणी ठेवला, हे विचारावे लागते. हे प्रश्न विचारल्याने फाळके लहान होत नाहीत. त्यांच्याभोवती काम करणारी माणसे मात्र दिसू लागतात.